चलनावरची वेळ

बांधकाम पदविकेच्या मुलांना मी काँक्रीट तंत्रज्ञान शिकवतो आणि अतिथी व्याख्यानांचे आयोजन बहुधा माझ्याच गळ्यात पडते. यांतली बरीचशी व्याख्याने कंपनीची चित्रफीत, पूर्ण झालेल्या प्रकल्पांची यादी, शाल-श्रीफळ आणि सामूहिक छायाचित्र एवढ्यात आटोपतात. मूल्यांकनाच्या फायलीत एक कागद वाढतो, मुलांच्या वह्या कोऱ्याच राहतात.

मागच्या सत्रात आलेले साइट इंजिनिअर मात्र लॅपटॉपशिवाय आले. पिशवीतून त्यांनी रेडी मिक्सच्या, म्हणजे प्लँटवर तयार करून आणलेल्या काँक्रीटच्या, गाडीचे एक जुने चलन (मालासोबत येणारी पावती) काढले आणि त्याच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. प्लँटवर गाडी भरल्याची वेळ १०.०५, साइटवर पोहोचल्याची ११.५०. स्लंप, म्हणजे ओले काँक्रीट किती सैल आहे ते सांगणारे माप, मागवला होता १२० मिमी, निघाला ७०. स्लॅब निम्मा भरून झालेला, गँग खोळंबलेली आणि मुकादम विचारतो आहे, ‘साहेब, माल घट्ट झालाय, दोन बादल्या पाणी मारू का?’

मुलांनी पाठ असलेले उत्तर दिले: पाणी घातले की पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढते आणि ताकद घटते, म्हणून गाडी परत पाठवायची. रेडी मिक्सच्या आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, हेही एका मुलीने सांगितले. उत्तरात चूक काहीच नव्हती. पाहुणे म्हणाले, ‘बरं, पाठवली परत. पुढची गाडी दीड तासाने येणार आणि भरलेल्या स्लॅबची कड उन्हात घट्ट होते आहे. आता?’ वर्ग गप्प झाला. खरे सांगायचे, तर मीही.

मग अर्धा तास त्या उरलेल्या पंधरा मिनिटांवरच चर्चा झाली. प्लँटच्या क्वालिटीवाल्याला फोन करून ॲडमिक्स्चरची (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाची) मात्रा ठरवून घ्यायची, ड्रम फिरवून स्लंप पुन्हा घ्यायचा, ते सारे चलनावर लिहायचे आणि त्या गाडीचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, वेगळे भरायचे. तेही जमणार नसेल तर शिअर (कातरणारा जोर) कमी असेल तिथपर्यंत स्लॅब आणून फळी लावून थांबायचे. आणि हे सगळे टाळायचे असेल, तर गाड्यांमधले अंतर आदल्या संध्याकाळीच रस्त्यावरची गर्दी धरून ठरवायचे.

आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या मानकातली कलमे मी शिकवू शकतो. मुकादम समोर उभा असताना त्यांतले कोणते कलम कसे पाळायचे, हे रोज त्या जागी उभा राहणारा माणूसच सांगू शकतो. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तोच मुळी सार्वजनिक बांधकामांवरचे कनिष्ठ अधिकारी तयार करण्यासाठी; तेव्हा साइटवरच्या माणसाला वर्गात आणणे ही काही नवी चैन नव्हे. वेळ मात्र साधली पाहिजे. त्या आठवड्यात फळ्यावर मिक्स डिझाइन, म्हणजे काँक्रीटमधल्या घटकांचे प्रमाण ठरवणे, चालू होते, म्हणून चलन मुलांना भिडले. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या धांदलीत हेच गृहस्थ आले असते, तर मागच्या बाकांवरून जांभयाच ऐकू आल्या असत्या.

या सत्रात मला तीस वर्षे सळई बांधणाऱ्या एका फिटर मिस्त्रींना बोलवायचे आहे. बीमच्या जोडावर सळयांची गर्दी झाली की काँक्रीट हलवून नीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई जाते कुठून, हे त्यांच्याइतके नेमके मला सांगता येत नाही. निमंत्रणाच्या नमुन्यात ‘पदनाम व शैक्षणिक पात्रता’ असा रकाना आहे. त्यात काय भरायचे, यावर सध्या कार्यालयाशी माझा पत्रव्यवहार चालू आहे.