परक्यांच्या हातांत

यजमानांच्या पहिल्या स्मृतिदिनाची उपासना गेल्या वर्षी कोल्हापुरात झाली. धाकट्या दिरांनी शास्त्रवाचनासाठी चांगल्या शोमरोन्याचा दाखला निवडला होता आणि तो त्यांनी मनापासून वाचला. वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला त्याच्याच लोकांनी ओलांडून जावे आणि परक्याने त्याच्या जखमा बांधाव्यात, ही ती गोष्ट. उपासना संपून बाहेर चहा चालू असताना तेच दीर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही पुष्कळ केलंत, पण आपला माणूस शेवटी परक्यांच्या हातांत गेला, एवढीच खंत राहिली." मी काही बोलले नाही. पुढे नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि फोनवर त्या एका वाक्याचा वाद झाला. परदेशी गेलेले लोक आपली आजारी माणसे भाडोत्री हातांवर सोपवतात, इथे निदान तोंडात पाणी घालायला घरचे कोणी असते, असे जो तो म्हणू लागला. वर्षभर मी मनातल्या मनात याला उत्तरे देत आले आहे.

'परके' हा शब्द यजमानांना नवा नव्हता. शाहूपुरीत लहानपण गेले, उद्यमनगरातल्या कारखान्यात ते फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायला शिकले, ओतकामात लोखंड थंड होताना किती आकसते याचा हिशेब त्यांच्या बोटांत होता; आणि तरीही वर्गमित्र त्यांना प्रेमानेच का होईना, पण 'साहेबाच्या धर्माचा' म्हणत. स्कॉटलंडमधल्या डंडीला आल्यावर पहिल्याच रविवारी चर्चमधल्या एका वृद्ध एल्डरने, म्हणजे मंडळीच्या वडिलाने, आस्थेने विचारले की, तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात. यजमान म्हणाले, माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा कोल्हापुरात मराठीतून झाला. एका गावात धर्माने परका, दुसऱ्या गावात रंगाने परका. पण त्यांनी याची तक्रार कधी केली नाही. तक्रार मी करत असे. ते त्याच चर्चमध्ये पुढे तीस वर्षे खुर्च्या लावत राहिले, आणि मंडळ्या एकत्र करून ती इमारत विकायचे ठरले तेव्हा शेवटच्या दिवशी स्तोत्रांची पुस्तके खोक्यांत भरणाऱ्या चौघांत तेही होते.

दिरांना मला एवढेच विचारायचे आहे की, आपल्यापैकी कोण परक्यांच्या हातांत वाढले नाही? 1852 साली वायल्डर हे अमेरिकन मिशनरी दांपत्य कोल्हापुरात आले, तेव्हा ते परकेच होते. 1894 साली डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले, तेही परकेच. माझे माहेर मिरजेचे. माझी आजी त्याच रुग्णालयात परिचारिका झाली. ज्यांना घरच्यांनी गोठ्याशेजारी वेगळे ठेवले होते, अशा रोग्यांच्या जखमा धुतल्याचे ती सांगत असे. सासूबाईंची तिन्ही बाळंतपणे मेरी वॉनलेस रुग्णालयात झाली, त्यात हे धाकटे दीरही आले. त्या वेळी परक्या हातांची खंत कोणाला वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यजमानांचा आजार बारा वर्षांचा. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. 1817 साली लंडनच्या डॉक्टर पार्किन्सन यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून इथे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हालचालींना लागणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी त्यांतल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. मला तो प्रथम दिसला त्यांच्या अक्षरात. रोज पहाटे स्तोत्रसंहितेतला एक भाग वहीत उतरवायचा, असा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम होता. पॅटर्न करणाऱ्याची शिस्त अशी की, आधी पट्टीने शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगायची. त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. पहिल्या वहीत पानावर अठरा ओळी आहेत. पुढे शिरोरेघ तेवढीच लांब राहिली, पण तिच्याखालची अक्षरे आकसत गेली, आणि शेवटच्या वहीत ती मुंग्यांच्या रांगेएवढी झाली आहेत. वाचता येत नाहीत, तरी एकही दिवस गाळलेला नाही. कोल्हापुरातले काही जण सांगत की, अमुक सभेत हात ठेवून प्रार्थना करतात, तिथे रोग बरे होतात, विश्वास मात्र हवा. ते शांतपणे ऐकून घेत. आपण बरे व्हावे असे त्यांनी मागितले असेल, तर ते मला कधी ऐकू आले नाही. रोज मोठ्याने मागत ते एवढेच, की आजच्या दिवसापुरता धीर दे आणि हिच्यावर चिडू देऊ नकोस.

पाय जमिनीला खिळून राहू लागले, तेव्हा फिजिओथेरपिस्टने दोन उपाय सांगितले: जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, आणि ताल द्या. स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत मी पिवळ्या पट्ट्या लावल्या आणि ओट्यावर केरवा वाजवू लागले. रेव्हरंड टिळकांचे एखादे भजन सुरू केले की त्यांचा पाय सुटत असे. बोलणे इतके क्षीण झाले होते की शेजारी बसूनही ऐकू येत नसे, पण गाताना मात्र आवाज उमटत असे.

आजाराच्या पाचव्या वर्षी आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. या आजारावरची लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी आणि जेवणाच्या आधी द्यावी लागते. मटण, अंडी, डाळ असे प्रथिनांचे जेवण तिच्या जोडीला आले, की ती अंगी नीट लागत नाही. हे मी सर्वांना सांगितले होते. तरी रविवारी उपासनेनंतर तांबडा-पांढरा झाला, आग्रह झाला, ताटात वाढले गेले, आणि दुपारभर ते खुर्चीत पुतळ्यासारखे बसून राहिले. वाढणाऱ्यांचे प्रेम खरे होते, पण त्यांच्या त्या दुपारी मला प्रेमापेक्षा घड्याळ पाहणारे माणूस हवे होते.

डंडीत तसे माणूस होते. शेवटची तीन वर्षे कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, केअरर (घरी येऊन शुश्रूषा करणारे) दिवसातून चार वेळा येत. त्यांतली एक नायजेरियाहून आलेली बाई होती, तीही आपल्या गावापासून इतकी दूर. शेवटी शेवटी यजमानांची इंग्रजी गळून पडली आणि ते सर्वांशी मराठीतच बोलू लागले, तेव्हा त्या बाईने 'पाणी', 'पुरे' आणि 'प्रार्थना' हे तीन शब्द माझ्याकडून लिहून घेतले. ती तिच्या भाषेत प्रार्थना करी, हे आमेन म्हणत. शेवटचे अकरा दिवस हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रोग्यांची अखेरची शुश्रूषा करणाऱ्या जागी, गेले, आणि खरा राग आहे तो त्याबद्दल. माणूस टाकून देण्याची ही पाश्चात्त्य रीत, असे एका भाच्याने लिहिले. डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये अशी जागा उभी केली, ती वेदनेने तळमळणाऱ्यांना इतर ठिकाणी 'आता करण्यासारखे काही उरले नाही' असे सांगितले जात होते म्हणून, आणि तेही स्वतःच्या ख्रिस्ती श्रद्धेतून. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 पासून हेच काम करत आहे. वांद्रे काही विलायतेत नाही.

इथपर्यंतची उत्तरे मला पाठ आहेत. पण त्याच कोल्हापूरच्या मुक्कामात त्यांचा उद्यमनगरातला जुना मित्र रोज संध्याकाळी त्यांना रंकाळ्यावर नेत असे, आणि दोघे तासभर न बोलता कट्ट्यावर बसून राहत. परत आल्यावर त्यांचा चेहरा, जो या आजाराने लाकडासारखा झाला होता, मला थोडा सैल झालेला दिसे. डंडीत त्यांच्याजवळ असे विनाकारण कोणी बसले नाही. केअररला अर्ध्या तासात पुढच्या घरी जायचे असे.

नवव्या वर्षी त्यांनी मला तीनदा सांगितले, "मला कोल्हापूरला ने." तिन्ही वेळा मी पुढची अपॉइंटमेंट होऊ दे म्हणाले. औषध, प्रवास, विमा ही सगळी कारणे खरी होती. पण खरे कारण ते नव्हते. तिथे मी पुन्हा थोरली सून झाले असते, त्यांची लाळ मी कशी पुसते, किती वेळा पुसते, पुसताना माझ्या कपाळावर आठी येते का, हे दहा जणांनी पाहिले असते. इथे मला कोणी पाहत नव्हते. संध्याकाळी केअरर त्यांना धुवायला आली की मी गाडी काढून टे नदीच्या काठी जाऊन बसत असे आणि तिची वेळ संपेपर्यंत परत येत नसे. हे मी दिरांना सांगितलेले नाही.

ते गेले तेव्हाही मी नव्हते. रात्री कपडे घ्यायला म्हणून घरी आले आणि झोप लागली. पहाटे चार वाजता हॉस्पिसच्या परिचारिकेचा फोन आला. तिने सांगितले की, मी त्यांचा हात धरून होते, आणि तुम्ही फोनवर ठेवलेली तुमच्या भाषेतली गाणी लावली होती. म्हणजे दिरांचे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच ते मला इतके लागले.

कौन्सिलच्या दफनभूमीत मी दोघांची लेअर, म्हणजे कबरीची जागा, घेतली आहे. दगडावर मेंढपाळाच्या स्तोत्रातली पहिली ओळ मराठीत कोरायची होती, म्हणून तिची अक्षरे मी त्यांच्या पहिल्या वहीतूनच उतरवून दिली. पाथरवटाला देवनागरी येत नसल्याने त्याने आधी पट्टीने शिरोरेघ आखून घेतली आणि मग एकेक अक्षर तिच्याखाली कोरले. काम संपल्यावर त्याने विचारले की, खाली तुमच्या नावासाठी जागा सोडली आहे, ते कोणत्या लिपीत येईल? सहा महिने झाले, मी त्याला अजून कळवलेले नाही. दिरांचा परवा फोन आला होता; कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत सासूबाईंच्या शेजारी एक जागा आहे, ती ठेवू का, असे ते विचारत होते.