उंची नेमकी कुठे आडवी येते? – एका प्रतिक्रियेला उत्तर

आइस हॉकीतल्या एका तरुण विंगरविषयीच्या (विंगर म्हणजे कडेने आक्रमण करणारा खेळाडू) माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. आपले म्हणणे असे: ज्या विंगरला मी ड्राफ्टच्या (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीच्या योग्यतेचा म्हटले, त्याची उंची अवघी 5 फूट 8 इंच आहे. मी त्याच्या ज्युनियर स्पर्धांतील गोलसंख्येने दिपून गेलो आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधले धिप्पाड बचावपटू त्याला बोर्डापाशी, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीपाशी, हलूही देणार नाहीत. आणि लहान चणीच्या एका मार्टिन सेंट लुईसचे नाव पुढे करून अपयशी ठरलेल्या असंख्य खेळाडूंवर पांघरूण घालता येत नाही, असा आपल्या आक्षेपाचा रोख आहे.

यातला शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. सेंट लुईसला ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते, 2000 साली कॅल्गरी संघाने त्याला सोडून दिले आणि 2003-04 च्या हंगामात टँपा बे संघाकडून 94 गुण (गोल आणि गोलला केलेले साहाय्य मिळून) मिळवून तो संपूर्ण लीगमध्ये अव्वल ठरला, हे सगळे खरे असले तरी त्यावरून लहान चणीच्या दुसऱ्या कोणत्याही खेळाडूविषयी काहीच सिद्ध होत नाही. म्हणूनच माझ्या लेखात त्याचा उल्लेख नव्हता.

गोलसंख्येपुरते सांगायचे तर, गोल किती यापेक्षा ते कसे झाले आणि सोबत कोण होते, हे मी आधी पाहतो. अ‍ॅलेक्स डब्रिन्कॅट या लहान चणीच्या विंगरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ईरी ऑटर्स या ज्युनियर संघाकडून 2014-15 मध्ये त्याने 51 गोल केले, तेव्हा त्याच संघात कॉनर मॅकडेव्हिडसारखा असामान्य खेळाडू होता; मॅकडेव्हिड एनएचएलमध्ये गेल्यानंतरच्या हंगामातही डब्रिन्कॅटने पुन्हा 51 गोल केले. तरीही 2016 च्या ड्राफ्टमध्ये तो 39 व्या क्रमांकापर्यंत मागे राहिला. पुढे एनएचएलमध्ये त्याने एका हंगामात 41 गोल करण्याची कामगिरी दोनदा केली. त्याच्या उंचीविषयीची शंका गैर नव्हती. पण तिचे उत्तर देणारा पुरावा समोर असताना तो पुरेसा मोजला गेला नाही, असे माझे मत आहे.

आता बोर्डाविषयी, कारण आपल्या आक्षेपाचा खरा गाभा तिथेच आहे. कोपऱ्यात गेलेला पक (खेळातली रबरी चकती) घ्यायला दोन खेळाडू धावतात, तेव्हा धडक बसण्याच्या आधीच बरेच काही ठरून गेलेले असते. आमचा हा विंगर पकपाशी पोहोचण्यापूर्वी दोनदा खांद्यावरून मागे पाहतो, शेवटच्या क्षणी वेग किंचित कमी करतो, कंबर प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला वळवून धक्का छातीवर न घेता नितंबावर घेतो आणि त्याच धक्क्याचा जोर वापरून बोर्डापासून सुटतो. गुरुत्वमध्य खाली असल्याचा येथे त्याला लाभच होतो. पक मिळाल्यावर तो कडेकडेने फिरत बसत नाही, तर गोलसमोरच्या गर्दीत शिरतो, आणि पॉवर-प्लेवर (प्रतिस्पर्धी खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना) मिळणाऱ्या मोकळ्या जागेवर त्याची मदार नाही. लहान चणीच्या ज्या खेळाडूंविषयी मी प्रतिकूल लिहिले आहे, त्यांच्यात नेमक्या याच गोष्टींचा अभाव होता.

उंचीची किंमत मोजावी लागत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. काठीची पोच कमी पडते, त्यामुळे पासची वाट अडवणे अवघड जाते. गोलरक्षकाची नजर झाकण्यासाठी प्रशिक्षक त्याला गोलसमोर उभा करणार नाहीत. लॉकआउटनंतर (संघमालकांनी खेळ बंद ठेवल्यानंतर) 2005-06 पासून पकडापकडी आणि अडवणुकीविरुद्धचे नियम कडकपणे लावले जाऊ लागले आणि लहान, चपळ खेळाडूंची वाट मोकळी झाली. तरी प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) पंच बरेच काही सोडून देतात, ही आपली तक्रार मला रास्त वाटते. तो सेंटर (मधला आक्रमक) असता, तर मी त्याला दुसऱ्या फेरीत ठेवले असते, कारण स्वतःच्या गोलसमोर उंच प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची जबाबदारी विंगरपेक्षा सेंटरवर कितीतरी अधिक येते.

एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगमधला त्याचा पहिला हंगाम मी याच दृष्टीने पाहणार आहे. प्रौढ, अनुभवी बचावपटूंसमोर त्याचे गोल कमी झाले, तर मी विचलित होणार नाही. परंतु त्याचे फटके गोलसमोरून सरकत सरकत कडेच्या वर्तुळांबाहेर जाऊ लागले, तर माझे मूल्यमापन मला खाली आणावे लागेल.