बीव्हरविषयी अधिकारवाणीने बोलू इच्छिणाऱ्यांस

ओढ्या-नद्यांवर फांद्या आणि चिखलाची धरणे बांधणाऱ्या बीव्हर या प्राण्याविषयी चारचौघांत ठामपणे बोलायचे असेल, तर त्याला आधी कधीही पाहू नये. पाहिल्याने माणसाचा घोटाळा होतो. शिवाय हा प्राणी बहुधा तिन्हीसांजेनंतर बाहेर पडतो, आणि तोवर काठावर गुपचूप बसण्याची चिकाटी ज्यांच्यापाशी असते, त्यांना पुढे फारसे बोलण्याची हौस उरत नाही असा अनुभव आहे.

आकाराचा प्रश्न निघाला की ‘मोठ्या उंदराएवढा’ असे सांगून मोकळे व्हावे. कुळ कुरतडणाऱ्यांचेच असल्याने ते तसे खोटेही ठरत नाही. हा उंदीर साधारण 15 ते 30 किलो भरतो, शेपटीसकट मीटरभराहून लांब असतो आणि आजच्या कृंतकांत, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांत, दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा सोडल्यास त्याच्यापेक्षा मोठा कोणी नाही, एवढा किरकोळ तपशील तेवढा गाळावा. श्रोते आ वासून ऐकू लागले, तर हिमयुगातल्या महाकाय बीव्हरला हाताशी धरावे. तो अस्वलाएवढा होता, हे खरेच आहे. तेव्हा त्याची धरणेही तशीच अवाढव्य असणार, हे आपण सुतावरून स्वर्ग गाठून सांगून टाकावे. त्याचे दात लाकूड कापण्याच्या कामाचे नव्हते आणि तो पाणवनस्पतींवर गुजराण करीत असावा, असे त्याच्या अवशेषांवरून दिसते. पण अवशेष काही सभेत उठून हरकत घेत नाहीत.

जातींच्या भानगडीत मुळीच पडू नये. आज हयात असलेल्या जाती दोनच, एक उत्तर अमेरिकेतली आणि दुसरी युरोप-आशियातली. दिसायला त्या इतक्या सारख्या, की शेजारी बसवल्या तरी ओळखणे कठीण. फक्त एकीची गुणसूत्रे 40 आणि दुसरीची 48 असल्याने त्यांचा संकर काही होत नाही. ‘सगळे बीव्हर सारखेच’ असे आपण म्हणालात, तर आपल्या मताला भक्कम पूर्वपीठिका आहे. शिकारीने स्वतःचे बीव्हर संपवून बसलेल्या फिनलंडने 1937 साली याच विश्वासाने अमेरिकेतून बीव्हर आणून सोडले. आज तिथे त्या पाहुण्यांचीच संख्या पुन्हा वसवलेल्या युरोपीय यजमानांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

दातांविषयी विचारल्यास, ते नारिंगी असतात आणि त्याचे कारण अस्वच्छता, असे सांगावे. पुढच्या बाजूच्या एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या कठीण आवरणात, लोह असते, मागचा भाग मऊ असल्याने तो आधी झिजतो आणि त्यामुळे दाताला आपोआप धार राहते, हे सांगत बसलात तर ऐकणाऱ्याला बीव्हरविषयी आदर वाटू लागेल, आणि मग आपल्याविषयी वाटायला जागा उरणार नाही. आहार विचारला तर बेधडक ‘मासे’ म्हणावे. तो साल, कोवळ्या फांद्या आणि पाणवनस्पतींवर जगतो खरा. पण सतराव्या शतकात कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत उपवासाच्या दिवशी खाता यावे म्हणून धर्ममार्तंडांनी खुद्द बीव्हरलाच मासा ठरवले होते, त्यापुढे आपली चूक अगदीच माफक आहे.

एखादे ओसाड बेट हाती आले, तर तिथे बीव्हर सोडून भरभराट करण्याचा सल्लाही अवश्य द्यावा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या तिएरा देल फुएगो बेटावर 1946 साली कातड्याच्या व्यापारासाठी कॅनडातून मूठभर बीव्हर आणले गेले. व्यापार काही उभा राहिला नाही. बीव्हर मात्र हजारोंच्या संख्येने वाढले. त्यांना खाणारे लांडगे किंवा अस्वले तिथे नव्हती, आणि उत्तरेकडच्या विलोच्या झाडांसारखे तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटावे, हे तिथल्या बीच वृक्षांना माहीत नव्हते. दोष अर्थात वृक्षांचाच.

आता मुख्य विषय, अर्थात ‘निसर्गाचा अभियंता’. हा शब्दप्रयोग केल्याखेरीज व्याख्यान संपवूच नये. शेपटीचा थापीसारखा उपयोग करून तो चिखल लिंपतो, असे हातवारे करून दाखवावे. प्रत्यक्षात तो चिखल पुढच्या पायांनी छातीशी कवटाळून आणतो. शेपूट उभे राहताना टेकू म्हणून, चरबी साठवायला आणि संकट दिसताच पाण्यावर फाडकन आपटायला उपयोगी पडते. झाड नेमके कुठे पडेल याचे त्याचे गणित पक्के असते, हेही ठासून सांगावे. स्वतः पाडलेल्या झाडाखाली चिरडून मेलेले बीव्हर सापडतात, ते गणितात कच्चे असावेत. मात्र एक गोष्ट चुकूनही सांगू नये. घराचे दार पाण्याखाली राहावे आणि हिवाळ्यात बर्फाखालचा फांद्यांचा साठा हाताशी असावा, एवढ्यासाठीच तो धरण बांधतो. पाणी मुळातच खोल असेल, तर काठात बीळ खणून स्वस्थ राहतो. गरज नसताना बांधकाम न करणाऱ्याला अभियंता म्हणण्याची पंचाईत होईल.

शेवटी, एवढे सगळे सांगूनही कोणी आपल्याला थेट बीव्हरच्या तळ्याकाठी बोलायला उभे केलेच, तर जपावे. स्वीडनचे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लार्स विल्सन यांनी बीव्हरना ध्वनिक्षेपकावरून वाहत्या पाण्याचा नुसता आवाज ऐकवला होता. पाण्याचा तिथे थेंबही वाहत नव्हता. तरी बीव्हरनी फांद्या आणि चिखल आणून तो ध्वनिक्षेपक लिंपून टाकला. आपली वाणी ओघवती आहे असे लोक म्हणत असतील, तर काठापासून चार पावले मागेच उभे राहावे.