‘एक जाणकार’ यांस उत्तर: दोन कोनशिला आणि एक रद्दीवाला

जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जुन्या कागदपत्रांवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक जाणकार’ अशी सही करून कुणीतरी लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. आभार मानून गप्प बसायचं ठरवलं होतं. दोन दिवस बसलोही. तिसऱ्या दिवशी जमेना.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असा आरोप नको. जाणकारांचं म्हणणं असं: कोनशिलेची तारीख मी चुकवली. मुंबईतली १८२६ ची वैद्यकशाळा मी गाळली. कॉलेजचे वार्षिक अहवाल मी वेदवाक्य धरतो, पण ते वरिष्ठांना खूश करण्यासाठी लिहिलेले असतात आणि त्यांत रुग्ण कुठे बोलतच नाही. आनंदीबाई जोशींच्या निमित्ताने मी फिलाडेल्फियाचे गोडवे गायले. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: ‘रद्दी चाळणाऱ्यांनी इतिहासाच्या नादी लागू नये, तो अभ्यासकांचा प्रांत आहे.’

तारखेचं आधी आटपून टाकू. रुग्णालयाची आणि कॉलेजची कोनशिला एकाच दिवशी बसली असं मी लिहिलं होतं. चूक. रुग्णालयाची ३ जानेवारी १८४३ ला बसली, कॉलेजची ३० मार्चला. माझ्या वहीत दोन्ही तारखा एकीखाली एक होत्या, उतरवताना ओळ सुटली. मान्य, दुरुस्तीही केली आहे. पण पावणेतीन महिन्यांच्या घोळावरून ‘लेखकाला मुळात विषयच कळलेला नाही’ हे निदान? केसपेपरवर वय चुकलं म्हणून पेशंटला थेट शवागारात पाठवण्यासारखं झालं हे.

आता १८२६. ती शाळा मला माहीत नव्हती असं तुम्ही गृहीत धरलंत, विचारलं नाहीत. एलफिन्स्टन गव्हर्नर असताना सुरू झालेली, डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालची, देशी भाषांतून शिकवणारी ती शाळा १८३२ मध्ये बंद झाली. माझा लेख होता जे. जे. आणि ग्रँट या जोडीबद्दल. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ च्या जुलैत दापोडीला वारले, त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी वर्गणी काढली ती कॉलेजसाठी. जमशेटजी जीजीभाईंनी (‘जे. जे.’ म्हणजे तेच) १ लाख रुपये देऊ केले ते रुग्णालयासाठी, आणि सरकारनेही तेवढीच रक्कम घातली. १८४५ मध्ये दोन्ही सुरू झाली. दोन दाते, दोन हेतू, एकच आवार. लेख तिथून सुरू होतो. प्रत्येक लेखाने आदिमानवापासून सुरुवात करायची असेल तर तसं सांगा.

(जाता जाता: तुमच्या प्रतिक्रियेत पुण्याच्या बी. जे. मेडिकलचं श्रेयही ‘याच जीजीभाईंना’ दिलंय. ते बैरामजी. हे जमशेटजी. माणसं दोन आहेत. मी यावरून तुमचं निदान करणार नाही.)

आता ते वाक्य.

माझे वडील एका सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये ३१ वर्षं होते. कोणतं रुग्णालय ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही, सगळ्यांच्या रेकॉर्ड रूम सारख्याच असतात: तळमजला किंवा त्याच्याही खाली, जिन्याखालून वाट, एक ट्यूब चालू, एक लुकलुकणारी. कापडी रुमालात बांधलेले गठ्ठे, गाठीखाली खोचलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर वर्ष आणि वॉर्ड. डांबरगोळ्यांचा वास बाबांच्या शर्टाला इतका मुरला होता की आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची. कसर कुठल्या कागदाला आधी लागते हे ते नुसतं बोट फिरवून सांगत. पोलीस केसचं, म्हणजे एमएलसीचं रजिस्टर वेगळ्या कपाटात, कुलपात. कोर्टाचं समन्स आलं की रजिस्टर काखोटीला मारून बाबा साक्षीला जात आणि दिवसभर बाकावर बसून परत येत, कारण तारीख पडलेली असे.

एकदा एक बाई आल्या. नवरा १९ वर्षांपूर्वी त्याच रुग्णालयात गेलेला, पेन्शनच्या कागदांत मृत्यूची तारीख वेगळी लागलेली, ऑफिसने हात वर केलेले. त्यांना वॉर्ड आठवत नव्हता. पाऊस होता एवढं आठवत होतं. बाबांनी जून ते सप्टेंबरची रजिस्टरं एकेक करून उतरवली. चार दिवस लागले. नोंद सापडली ती आडनाव चुकवून लिहिलेली, पण गाव आणि वय जुळत होतं. त्या बाईंनी काय केलं ते मी इथे लिहिणार नाही, ते आमच्या घरचं आहे.

तर, ‘रद्दी’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. तुमच्याआधी तो वापरणारे पुष्कळ साहेब होऊन गेले.

तुम्ही अभ्यासक आहात, तेव्हा तुम्हाला ठाऊक असेलच, पण इतर वाचकांसाठी सांगतो. सरकारी कार्यालयात कागदाची वर्गवारी होते. ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा. ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ गटातला ५ किंवा १० वर्षं, आणि ‘ड’ एक वर्ष. मुदत संपली की याद्या होतात, साहेबांची सही होते आणि निंदणीकरण होतं. शेतात तण काढतात ती निंदणी, तोच शब्द. आंतररुग्णाचे कागद डॉक्टरने निदान ३ वर्षं जपावेत असं मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात. म्हणजे कागद आपोआप रद्दी होत नाही. कुणीतरी तसं लिहून द्यावं लागतं. बाबांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी तळघरात पाणी शिरलं, आणि मग जागा मोकळी करण्याचा हुकूम आला. टेम्पो आला, ताणकाटा आला. ३० वर्षांहून जुनी भरती रजिस्टरं किलोवर गेली. त्या यादीवर तयार करणारा म्हणून सही होती बाबांची. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत एवढंच मला आठवतं. मी तेव्हा अकरावीत होतो.

हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. तुम्ही विचारलंत, ‘लेखकाने आयुष्यात कधी अभिलेखागाराची पायरी चढली आहे काय?’ मी पायरी उतरून गेलोय, एवढंच म्हणायचंय. नंतर चढलोही. काळा घोड्याला एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे शिक्षण खात्याचे जाडजूड बांधीव खंड टेबलावर येतात तेव्हा पानं उलटायची पद्धत मला कुणी शिकवावी लागली नाही.

तिथे बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की नावं शोधणं हेच अर्धं काम आहे. ग्रँटमध्येच शिकलेले डॉक्टर भाऊ दाजी लाड, त्यांना त्या नावाने शोधाल तर हाताला काही लागणार नाही. त्यांचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल. ‘भाऊ’ हे घरातलं, ‘दाजी’ हे वडिलांचं, आणि इंग्रज कारकुनाने जसं ऐकलं तसं स्पेलिंग. आत्माराम पांडुरंग यांचं आडनाव तर्खडकर, पण १८५१ साली ग्रँटमधून जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले त्यांत ते आडनावाशिवाय उभे आहेत. पुढे त्यांच्या घरी प्रार्थना समाजाची स्थापना झाली, १८६७ साली. वैद्यकशाळेची हजेरी वाचता वाचता माणूस प्रार्थना समाजात पोचतो, तो असा.

आणि दुसरी गोष्ट. कंपनी सरकारचा कारभार लिहिण्यावर चाले आणि लिहिलेल्याची प्रत लंडनला जाई. त्यामुळे मुंबईतल्या एका रुग्णालयाबद्दलचा पत्रव्यवहार तिकडच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातही सापडतो. इथला गठ्ठा वाळवीने खाल्ला तर तिथली नक्कल शिल्लक असते. स्वतंत्र भारतातल्या रुग्णालयाच्या रजिस्टरला ती सोय नाही. बाबांच्या टेम्पोत गेलं ते गेलं.

खाटेपाशी उभं राहून शिकायचं, हा पहिले प्रिन्सिपॉल चार्ल्स मोरहेड यांचा आग्रह होता. जे. जे. मधल्या त्या अनुभवावर त्यांनी हिंदुस्थानातल्या रोगांबद्दल मोठा ग्रंथ लिहिला, १८५६ मध्ये. म्हणजे कुठल्यातरी वॉर्डातल्या, ज्याचं नावही कुणाला ठाऊक नाही अशा माणसाचा ताप कितव्या दिवशी उतरला, हे आज छापील पानावर वाचता येतं. वॉर्डात टिपून ठेवलेला कागद नसता तर तो ग्रंथ नसता. रद्दी!

‘अभ्यासकांचा प्रांत’ याबद्दल तर मला हसूच आलं. भाऊ दाजी डॉक्टर होते. महारोगावर कवटी नावाच्या झाडाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग करणारा धंदेवाईक डॉक्टर. तोच माणूस अजिंठ्याचे शिलालेख वाचत होता, ताम्रपट लावत होता, कालिदासाचा काळ कोणता यावर निबंध लिहीत होता. कुणी त्यांना म्हणालं असेल का, की डॉक्टर, आपण नाडी बघा, हा आपला प्रांत नव्हे? इतिहासाचार्य राजवाडे माळ्यांवरचे कागद उतरवत गावोगाव हिंडले तेव्हा त्यांच्या गळ्यात कुठल्या विद्यापीठाचं ओळखपत्र होतं? मी स्वतःची तुलना या लोकांशी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण प्रांताची हद्द आखायला निघालेल्या माणसाने आधी नकाशा तरी नीट पाहावा.

आणि हो, मला तुम्ही तीन वेळा ‘लेखक महाशय’ म्हटलंय. ‘महाशय’ मराठीत केव्हा म्हणतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मतभेद असावेत, जरूर असावेत, पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याची लायकी काढायची याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. तो इथे लिहीत नाही, कारण हा लेख माझी पुतणीही वाचते.

उरलेल्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात.

फिलाडेल्फिया: गोडवे वगैरे काही नाही. आनंदीबाई १८८६ मध्ये तिथल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि त्यांचे कागद तिथल्या संग्रहात आजही पाहता येतात, एवढंच मी लिहिलं. वाचून तुम्हाला कमीपणा वाटला असेल तर तो त्या संग्रहाचा दोष नाही.

अहवाल: ते वरिष्ठांसाठी लिहिले जात हे मला शाळकरी पोरासारखं समजावून सांगायची गरज नव्हती. विद्यार्थ्यांची हजेरी, परीक्षेचे प्रश्न, बक्षिसं, हे सगळं वर पाठवायलाच असतं. म्हणून ते खोटं ठरत नाही. आणि रुग्ण बोलत नाही म्हणता? १८९६ च्या सप्टेंबरात ग्रँटचेच विद्यार्थी असलेल्या डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, आणि पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. ते बोलणं नव्हतं तर काय होतं? हे ग्रँटच्या वार्षिक अहवालात नाही, हे खरं. पण तो मुद्दा वेगळा आहे आणि त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. सगळं एकाच उत्तरात मावत नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलंय की जुन्या रुग्णांची नावं उघड करणं मला योग्य वाटतं का. मी एकही नाव दिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. निदान एकदा वाचा.

एका वाचकाने खाली विचारलं होतं की ग्रँटमध्ये मराठीतून वैद्यक कधी शिकवलं गेलं का. हो. १८६१ मध्ये तिथे मराठीचा वर्ग निघाला, आणि पुढे देशी भाषांतलं हे शिक्षण पुणे आणि अहमदाबादच्या शाळांकडे गेलं. प्रश्न कसा विचारावा याचा हा नमुना आहे: दोन ओळी, खाली नाव, आणि कुणाचा बाप काढलेला नाही.

तुम्ही काढला नव्हतात, हे कबूल करतो. तुम्हाला माहीतच नव्हतं की रद्दी म्हणजे माझ्या घरात कोण.

कोनशिलेच्या तारखा लेखात बदलल्या आहेत. तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. ती ‘ड’ वर्गात टाकली आहे, वर्षभर राहील.