माझ्या रक्ताचे थेट प्रक्षेपण

नवऱ्याचे रक्त बत्तीस इंची पडद्यावर हलताना पाहायला मिळणार, या एकाच आकर्षणापायी आमच्या सौभाग्यवतींनी माझी नावनोंदणी केली, असे मी चारचौघांत सांगत असलो तरी ते पूर्ण खरे नाही. तीन-चार महिने मला खरोखरच थकवा जाणवत होता. बेळगावच्या गणपत गल्लीतून भाजीची पिशवी घेऊन टिळकवाडीकडे परतताना, दुसरे रेल्वे गेट बंद असावे अशी मी मनोमन प्रार्थना करू लागलो होतो, कारण तेवढाच उभे राहायला सभ्य बहाणा मिळत असे. ज्या गेटाला मी चाळीस वर्षे शिव्या मोजल्या, ते उघडे दिसताच माझा चेहरा पडू लागला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे घरात मान्य झाले.

शहापूरच्या भजनी मंडळातील एका वहिनींनी तोडगा सुचवला. एका निसर्गोपचार केंद्रात म्हणे बोटातून रक्ताचा एकच थेंब घेतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच ठेवतात आणि शरीरात काय बिघडले आहे ते टीव्हीवर दाखवतात. ‘जिवंत रक्ताची तपासणी’ हे नाव ऐकून इतर ठिकाणी रक्त मारून तपासतात की काय, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण तोवर दोन तपासण्यांचे पैसे एकदम भरून झाले होते. एकदम भरल्यास दोनशे रुपये कमी होत होते.

निसर्गोपचाराशी माझे काहीही वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोटावर मातीची पट्टी ठेवून पडलेले आजोबा हे माझ्या लहानपणचे नेहमीचे दृश्य होते. 1924 साली आमच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरवणाऱ्या बेळगावकरांना अध्यक्ष म्हणून लाभलेले गांधीजी पुढे 1946 मध्ये उरुळी कांचनला जाऊन निसर्गोपचार करू लागले, याचा आम्हाला उगाचच घरगुती अभिमान आहे. मात्र तिथल्या साहित्यात माती, पाणी, ऊन आणि बेताचे जेवण एवढेच होते. त्यात टीव्ही नव्हता.

ठरलेल्या दिवशी दुपारी वडगावात चुलत भावाची वास्तुशांत होती. पंक्तीत मांडे होते, आणि मांडे म्हटले की त्यावर वाटीभर तूप आणि दूध हे ओघाने आलेच. शेवटी आग्रहाचा कुंदाही झाला. “उपाशी यायची गरज नाही, असाल तसे या,” असे फोनवर सांगण्यात आले होते, आणि उपासाची अट नसलेली रक्ततपासणी ही कल्पना मला त्याच क्षणी पसंत पडली होती. चार वाजता मी असा तृप्त, जडावलेला आणि डोळ्यांवर झापड आलेला त्या खुर्चीत जाऊन बसलो.

उपचारक तरुण होते, गोकाककडचे होते आणि त्यांचे मराठी माझ्या कानडीपेक्षा शंभर पटींनी चांगले होते. त्यांनी माझे बोट धरले, टोचले आणि दाबले. चांगला टपोरा थेंब काचपट्टीवर उतरला, त्यावर नखाएवढी पातळ काच बसली, ती पट्टी यंत्रावर चढली, सौभाग्यवतींनी चष्मा लावला, आणि नेमके दिवे गेले.

“करंट होय्तु नोड्रि,” असे म्हणून उपचारक शांतपणे स्टुलावर बसले. इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालत होता. माझा थेंब त्या पंख्याखाली तब्बल पंधरा मिनिटे आमच्यासारखाच विजेची वाट पाहत राहिला. तेवढ्या वेळात आम्हाला या विद्येचा इतिहास कळला. गुंथर एंडरलाइन नावाचे एक जर्मन प्राणिशास्त्रज्ञ होते. प्रत्येकाच्या रक्तात सूक्ष्म बीजरूप कण असतात आणि शरीरातले वातावरण बिघडले की त्यांचेच पुढे जंतू आणि बुरशी होते, असे त्यांचे म्हणणे होते आणि 1925 साली त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला होता. विज्ञानाने ते म्हणणे स्वीकारले नाही, हे वाक्य मात्र उपचारकांच्या इतिहासात नव्हते. ते मला नंतर दुसरीकडे कळले.

वीज आली आणि पडदा उजळला. उजळला म्हणण्यापेक्षा काळा झाला म्हणावे, कारण या पद्धतीत उजेड तिरका सोडतात. कौलातून आलेल्या कवडशात जशी एरवी न दिसणारी धूळ चमकू लागते, तसे अंधारात रक्तातले कण चमकतात. दृश्य देखणे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. काळ्याभोर आकाशात शेकडो चंद्र तरंगत होते आणि ते सगळे माझे होते. क्षणभर मला, ज्याने कधी ग्रामपंचायतीचीही निवडणूक लढवली नाही अशा माणसाला, प्रजा असल्याचा भास झाला.

तो फार टिकला नाही. उपचारकांनी लाल किरणाची कांडी उचलली. माझ्या तांबड्या पेशी एकमेकींवर रचल्या जाऊन त्यांच्या चळती झाल्या होत्या. व्यापाऱ्याच्या गल्ल्यात रुपयांची नाणी लावून ठेवावीत, अगदी तशा. “हे बघा सर, रक्त आम्ल झालंय. वांगं, टोमॅटो, चहा सगळं बंद.” दुसऱ्या कोपऱ्यातल्या पेशींना बाजूंनी काटे फुटले होते. संक्रांतीच्या हलव्याचे दाणे पाकात फुलू लागले की दिसतात, तशा त्या दिसत होत्या. तो यकृतावरचा ताण निघाला. मधूनमधून पांढरी कोळिष्टके होती, ती आतड्यातली घाण ठरली. एक कोनदार चकाकता तुकडा यूरिक आम्लाचा खडा म्हणून माझ्या नावावर लागला. आणि या सगळ्यांच्या मधून असंख्य पांढरे ठिपके अखंड थरथरत, नाचत होते.

“आणि हे?” सौभाग्यवतींनी दबलेल्या आवाजात विचारले.

“जंतू, ताई. बघा, कसे हलतायत.”

तिने माझ्याकडे पाहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे अनेक प्रकारे पाहिले आहे, पण असे, हाताचे अंतर राखून, कधी पाहिले नव्हते.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या रक्ताचा निकाल चार मिनिटांत लागला. शिक्षा म्हणून हिरव्या पावडरीचे तीन डबे, एकवीस दिवसांचे पथ्य आणि माझ्याच रक्ताचे एक रंगीत छायाचित्र मिळाले. “बीपीची गोळी पण हळूहळू सोडता येईल, सर,” असे उपचारक निरोप देताना सहज बोलून गेले. मला ते वाक्य त्या दुपारचे सर्वांत गोड वाक्य वाटले, हे मी आज लाजत कबूल करतो.

माझी भाची एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करते. रविवारी ती आली तेव्हा मी ते छायाचित्र, दुसऱ्याच्या घरी मुलीचा फोटो दाखवतात तशा कौतुकाने, तिच्यापुढे ठेवले. सौभाग्यवती भजनाला गेल्या होत्या, हा पुढच्या घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील आहे. भाचीने फोटो सरळ पाहिला, उलटा पाहिला आणि मग एकच प्रश्न विचारला: “मामा, जेवून गेला होता?”

मी मांड्यांपासून कुंद्यापर्यंत सगळे सांगितले. ती इतकी हसली की शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली. ते नाचणारे ठिपके जंतू नव्हते, ते तूप होते. तेलातुपाचे जेवण झाले की पुढचे काही तास चरबीचे अतिसूक्ष्म कण रक्तातून हिंडत असतात आणि त्या तिरक्या उजेडात ते स्पष्ट दिसतात. राहिला नाच, तर कोणताही इतका बारीक कण द्रवात पडला की चोहोबाजूंच्या रेणूंचे धक्के खात तो असाच थरथरतो. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1827 मध्ये पाण्यात परागांतले कण असेच हलताना पाहिले होते, आणि त्यासाठी कणात जीव असावा लागत नाही, अशी त्याने निर्जीव पदार्थांचा चुरा टाकून खात्रीही करून घेतली होती. म्हणजे ज्यांच्यामुळे मी चार रात्री दिवाणखान्यात झोपलो, ते वास्तुशांतीचे तूप होते.

मग एकेक आरोप गळू लागला. थेंब जाड पडला की पेशी चिकटून चळती होतातच; आजारपणात रक्तातली काही प्रथिने वाढली तरीही त्या होतात, पण ते ओळखायला ईएसआर नावाची साधी तपासणी आहे, उभ्या नळीत तासाभरात पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते पाहायचे, त्याला टीव्ही लागत नाही. काटे फुटले ते पंख्याखाली पंधरा मिनिटे वाळल्यामुळे आणि काचेच्या स्पर्शामुळे. कोळिष्टके म्हणजे रक्त गोठू लागल्याची खूण. “बोटातून बाहेर काढलेलं रक्त गोठणारच, मामा. गोठलं नसतं तर मी घाबरले असते.” यूरिक आम्लाचा खडा हा बहुधा काचेचा कण किंवा पंख्यावरची धूळ होती. आणि रक्ताचा सामू (पीएच) 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो, तो फुप्फुसे आणि मूत्रपिंडे मिळून राखतात, वांग्याची त्यात काही प्राज्ञा नाही. “रक्त खरंच आम्ल झालं असतं तर तुम्ही इथे बसून चहा मागितला नसता, आयसीयूत असता,” असे म्हणून तिने मला चहा करून दिला. सात दिवसांनंतरचा तो चहा होता. त्याची चव मी इथे लिहीत नाही.

तिरक्या उजेडाचे यंत्र खोटे नाही, हेही तिने सांगितले. उपदंशाचे मळसूत्री जंतू पूर्वीपासून याच पद्धतीने शोधतात. हा तपशील मी सौभाग्यवतींपासून आजवर लपवून ठेवला आहे आणि तो या लेखातून फुटला तर माझी जबाबदारी मीच घेईन. मला मात्र या सगळ्यात अँटनी लेव्हेनहूकची आठवण येत राहिली. त्याने 1674 मध्ये आपल्या हातच्या भिंगातून तांबड्या पेशी पाहून त्यांचे वर्णन लिहिले. तो धंद्याने कापडाचा व्यापारी होता, म्हणजे आमच्या शहापूरचाच म्हणायचा. त्याने जे दिसले ते लिहिले आणि त्याबरोबर पावडर विकली नाही.

भाची फक्त एका गोष्टीवर हसली नाही. बीपीच्या गोळीचे ऐकताच तिने चष्मा काढला, माझी गोळ्यांची पट्टी मागवली, रिकामी घरे मोजली, दोन गोळ्या चुकल्याचे तिला दिसले, आणि मग तिने मला जे ऐकवले ते ती एरवी आपल्या लहान मुलालाही ऐकवत नसावी. दुसऱ्या दिवशी तिने दंडातून नळीभर रक्त घेतले. थेंबाच्या मानाने ही सरळ दरोडेखोरी होती. अहवाल दोन पानी, काळापांढरा, अत्यंत कंटाळवाणा होता आणि त्यात एकही चंद्र नव्हता. त्यातल्या एका ओळीत बी-12 जीवनसत्त्व बरेच कमी असल्याचे लिहिले होते. आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आणि पंधरवड्यात मला दुसरे गेट उघडे असल्याचे दुःख वाटेनासे झाले.

सौभाग्यवतींनी या सुधारणेचे श्रेय हिरव्या पावडरीला दिले. मी ती तीन दिवसांनंतर घेतलेलीच नव्हती. ती कुंडीतल्या गवती चहाला जात होती. हे सांगायला धैर्य लागते आणि धैर्य वाढवणारे इंजेक्शन अजून निघालेले नाही. शिवाय दुसऱ्या तपासणीचे पैसे भरलेले होते, आणि आमच्या घरात भरलेले पैसे सोडण्यापेक्षा रक्त सांडणे बरे मानले जाते.

या वेळी सकाळी सातची वेळ मिळाली. मी अनशापोटी गेलो. दिवे होते, थेंब छोटा निघाला, काच चढली आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर माझे चंद्र सुटे, गोल, गुळगुळीत तरंगू लागले. चळती नाहीत, काटे नाहीत, नाच नाही. “नोड्रि ताई, नोड्रि!” उपचारकांचा आनंद खरा होता, हे मी शपथेवर सांगेन, त्या माणसाला स्वतःच्या विद्येचे मनापासून कौतुक होते. सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले. भाचीने मला पढवून पाठवले होते म्हणून मी तेवढ्यात विनंती केली की, पट्टी काढू नका, आपण कषाय घेऊ आणि मग पुन्हा एकदा डोळे भरून पाहू.

कषाय आले. धने-जिऱ्याचे, गरम, दूध घातलेले. ते मात्र अव्वल होते. वीस मिनिटे गप्पा झाल्या, पाऊस, भाताची रोपे, गोकाकचा करदंट. मग आम्ही तिघांनी पडद्याकडे पाहिले. एका कडेला कोळिष्टक धरले होते. मधल्या पेशींना एकापाठोपाठ एक बारीक काटे फुटत होते, आमच्या डोळ्यांदेखत हलवा तयार होत होता. कषायाच्या एका पेल्यात माझे यकृत पुन्हा बिघडले होते, आणि तेही मी समोर बसलेलो असताना.

मी विजयी मुद्रेने उपचारकांकडे वळलो. ते काही क्षण पडद्याकडे गंभीरपणे पाहत राहिले, मग त्यांनी सावकाश मान हलवली आणि सौभाग्यवतींना म्हणाले, “बघितलं ताई, किती लवकर परत येतं? म्हणून तर पुरा कोर्स सहा महिन्यांचा असतो.”

तिने पर्स उघडली.

“सहा महिन्यांचे एकदम भरले तर किती कमी होतील?”