परदेशातून : बांधाला मत

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात नोकरीनिमित्त राहू लागल्यापासून दरवर्षी माझ्या पत्त्यावर एक वेगळेच करपत्र येते. ते नगरपालिकेचे नसते आणि प्राप्तिकराचेही नसते. ते पाण्याचे असते. बांध, कालवे आणि पंप सांभाळणारी ‘वाटरस्खाप’ नावाची २१ मंडळे या देशात आहेत. त्यांतील काहींचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे जातो आणि त्यांच्यासाठी दर चार वर्षांनी मतदान होते. मतदाराला प्रांताच्या मतपत्रिकेबरोबर पाण्याचीही एक मतपत्रिका मिळते आणि तो लाल पेन्सिलीने आपल्या पसंतीचा गोल रंगवतो. पुढचे मतदान २०२७ च्या मार्चमध्ये आहे. गोवा विधानसभेची मुदतही त्याच महिन्यात संपत असल्यामुळे, थोड्याफार अंतराने आपल्याकडेही निवडणूक होणार आहे. आपल्याकडे मात्र पाण्याची वेगळी मतपत्रिका नाही. जे सांगायचे ते एकाच मतातून सांगावे लागते.

मी गोव्यातल्या मांडवी नदीमधील चोडण बेटाचा. आमच्या बेटावरची खाजने, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, भरतीच्या पातळीखाली आहेत आणि बांध व मानस (बांधातला पाण्याचा दरवाजा) यांच्या जोरावरच तिथे भात पिकत आले. मानशीच्या लाकडी दारांना उघडायला-मिटायला माणूस लागत नाही. सुकतीच्या वेळी आतले पाणी दार ढकलून नदीत जाते आणि भरती चढू लागली की नदीचेच पाणी ते दार दाबून बंद करते. लहानपणी बाबांबरोबर बांधावर उभा असताना दार लागल्याचा तो जड, ओला आवाज मी कितीदा तरी ऐकला आहे. बाबा म्हणत, ‘‘झाले, आता मांडवी बाहेर.’’ डच लोकांच्या जुन्या बांधांतही याच तत्त्वावर चालणारी दारे असत हे इथे आल्यावर कळले, तेव्हा अभिमान वाटण्याआधी थोडी लाजच वाटली. त्यांनी ती विद्या वाढवत नेली आणि आपण ती विसरत चाललो आहोत.

हे कसे झाले, याचे सोपे उत्तर नाही. पूर्वी बांधांची देखभाल गावकरीकडे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडे, होती. १९६४ चा कूळ कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाले. तो कायदा मला आजही न्याय्यच वाटतो, कारण आमच्या घराला शेत मिळाले ते त्यामुळेच. मात्र बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेल्यावर पुष्कळ गावांत ती कोणाचीच उरली नाही. काही ठिकाणी मानशीवरच्या मासळीच्या लिलावातून भातापेक्षा जास्त पैसा मिळू लागला आणि खारे पाणी आत राहिले तरी चालेल असे लोकांना वाटू लागले. शेत पडीक झाले की ‘इथे काही पिकत नाही’ असे म्हणायला वाव मिळतो, आणि जमिनीचा वापर बदलून घेणारे त्याचीच वाट पाहत असतात.

त्यांच्यासाठी कायद्यातही वाटा तयार झाल्या. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यात ‘नजरचुकीने’ राहिलेल्या चुका सुधारण्याच्या नावाखाली २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले. शेतजमिनी आणि बागायती एवढ्या नजरचुकीने शेती म्हणून नोंदल्या गेल्या असतील, तर आपल्या पूर्वजांची नजर फारच अधू होती म्हणायची! मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालचे नियम रद्द केले. परंतु तोवर, २०२४ मध्ये, जमिनीचा वापर बदलून देण्याची वाट उघडणारे कलम ३९अ आलेलेही होते. न्यायालय एक दार लावते तोवर विधानसभेत दुसरे उघडते. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बाजूला सारली, तेव्हा आपण निःश्वास सोडला. परंतु न्यायालय झाले तरी फक्त थांबवू शकते, आणि कायदे करणारी माणसे आपणच निवडून पाठवतो.

मतदाराचा धाक काय करू शकतो, हे आपण पाहिलेले आहे. लोक रस्त्यावर उतरल्यावर २००७ च्या सुरुवातीला प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये निवडणूक होती, हे विसरू नये. आपले मतदारसंघही लहान आहेत. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. एका वाड्याने ठरवले असते तर तो उलटला असता.

विमानाने ये-जा करणाऱ्याने गावात राहणाऱ्यांना पर्यावरण शिकवू नये, असे माझा एक मित्र मला सुनावतो, आणि त्याचे म्हणणे निम्मे तरी खरे आहे. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकचे हप्ते कोणी भरले, हा त्याचा दुसरा प्रश्न; त्याला माझ्याकडे पटेल असे उत्तर नाही. इथले लोक संत आहेत असेही मी म्हणत नाही. गुरांच्या गोठ्यांतून होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणावरून २०१९ मध्ये इथल्या न्यायसंस्थेलाही सरकारला अडवावे लागले. बांधाबाबत मात्र हे लोक विनोद करत नाहीत. १९५३ च्या एका रात्रीत समुद्र आत शिरला आणि १,८३६ माणसे गेली. ‘जो बांध घालणार नाही त्याने निघून जावे’ या अर्थाची म्हण त्यांच्या भाषेत त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे.

मतदार यादीत माझे नाव अजून मये मतदारसंघात आहे. परदेशातल्या भारतीय मतदाराला टपालाने मत पाठवता येत नाही, केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. त्यामुळे तारीख जाहीर झाली की मी रजेचा अर्ज करणार आहे. आमच्या मानशीचे एक दार गेल्या पावसापासून कुजले आहे. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला या वेळी घरच्या पडवीत नव्हे, तर त्या दारापाशी नेऊन चहा द्यायचा आणि ३९अ बद्दल तिथेच विचारायचे, असे थोरल्या भावाने ठरवले आहे.