खाणावळवाले, मुक्काम बार्शी रोड

आमच्या घराण्यात एकही पराक्रमी पुरुष होऊन गेला नाही, याची मी कागदोपत्री खात्री करून घेतली आहे. लढाईत कुणी पडलं नाही, इनाम कुणाला मिळालं नाही, आणि बंडात सामील होण्याइतकी सवडही कुणाला झालेली दिसत नाही. जे काही आहेत ते एकटे खापरपणजोबा. कुर्डुवाडीला स्टेशनासमोर त्यांची खाणावळ होती, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यापुढचं प्रत्येकाला वेगवेगळं माहीत आहे.

थोरल्या आत्याच्या म्हणण्याप्रमाणे लोकमान्य टिळक तिथं पोटभर जेवले होते. साल विचारलं तर म्हणाली, "अठ्ठ्याण्णवची आषाढी." मी तारखा काढून दाखवल्या. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना शिक्षा झाली सप्टेंबर 1897 मध्ये आणि ते सुटले सप्टेंबर 1898 मध्ये, म्हणजे मधली आषाढी तुरुंगात गेली. आत्या जराही डगमगली नाही. "मग सुटल्यावर आले असतील. तुरुंगातलं खाऊन आलेल्या माणसाला भूक लागणारच की रे!"

धाकट्या काकांकडे टिळक नाहीत, गाडगेबाबा आहेत. गाव झाडायचं आणि मागून आणलेली भाकरी हातातल्या फुटक्या मडक्यात खायची, अशी ज्यांची रीत, ते ताटाचे पैसे मोजून खाणावळीत कशाला बसतील, असं मी विचारलं. काका म्हणाले, "म्हणूनच तर त्यांच्या नावाची उधारी कुठं सापडत नाही." अशा पुराव्यापुढे माणूस काय बोलणार? शेवटी मी ठरवलं की आता तोंडी काही ऐकायचं नाही, फक्त कागद बघायचे.

पहिली अडचण अशी निघाली की कागदांत कुर्डुवाडीच सापडेना. 1884 साली निघालेला सोलापूर जिल्ह्याचा इंग्रजी गॅझेटियर उघडला. पंढरपूरच्या देवळाची त्यात खांबाखांबानं माहिती आहे, पण आमचं स्टेशन काही दिसेना. आमचे लोक खाणावळीबरोबर गावही मनानंच बांधून बसले की काय, अशी शंका यायला लागली. मग कळलं की त्या काळी स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड. मुंबईहून सोलापूरला जाणारी रेल्वे बार्शीला शिवलीच नाही, लांबून गेली. बार्शीकरांना उतरायला म्हणून जे स्टेशन केलं, त्याला रस्त्याचं नाव मिळालं. खरं जुनं गाव शेजारचं कुर्डू, आणि ही त्याची वाडी. रेल्वेमुळे वाडी फुगली, गावापेक्षा मोठी झाली. म्हणजे 'आपण मूळचे कुर्डुवाडीचे' हे जे आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत सांगतात, त्यातल्या 'मूळचे'ला काही अर्थ नाही. तिथं मूळचं कुणीच नव्हतं. सगळेच गाडीतून उतरलेले, त्यातले काही पुढची गाडी न पकडता राहिलेले.

खापरपणजोबांची हुशारी इथंच दिसते. मोठ्या रेल्वेचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर. 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तिचे रूळ अडीच फुटांवर. या गाडीचा डबा त्या रुळांवर जाणं शक्य नव्हतं, त्यामुळे माणसांनी गाठोड्यांसकट उतरायचं आणि छोट्या गाडीची वाट बघायची. वाट बघणाऱ्याला भूक लागते. त्या मधल्या तीन फुटांच्या फरकावर आमच्या घराण्याच्या पिढ्या जेवल्या. पंढरपूरला छोटी गाडी पोचली 1906 साली. त्याआधी रेल्वेनं आलेला वारकरी इथून पन्नासेक किलोमीटर बैलगाडीनं नाहीतर पायी जायचा, आणि एवढं अंतर उपाशीपोटी कोण जातो? अर्थात स्टेशनासमोर खाणावळी पुष्कळ असणार, आणि कुणी कुठल्या पंगतीत बसायचं हे भुकेपेक्षा जात ठरवत असणार. आत्याच्या गोष्टीत हा भाग येत नाही. आता या शतकात सगळीकडे मोठे रूळ झाले आणि गाडी न बदलता माणसं पंढरपूरला जातात. लोक याला प्रगती म्हणतात. मला तो वडिलोपार्जित धंद्यावरचा घाला वाटतो.

गावाचं नाव लागल्यावर माणूस लागेल, असं वाटलं होतं. पण खापरपणजोबांचं नाव साक्षात पंढरपूरच्या मालकाचं. त्या मुलखात दर चौथ्या माणसाचं तेच, आणि उरलेल्यांच्या बापाचं तेच. जुन्या नोंदींत आडनाव लिहायची पद्धत नाही. अमुक बिन तमुक, संपलं. तालुक्याच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो तेव्हा कुणबी नोंदींचा शोध जोरात चालू होता. 2023 सालापासून अख्ख्या महाराष्ट्रात गाव नमुना नंबर 14 आणि कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या, उघडल्या जात होत्या, ज्यांना पूर्वी वाळवीशिवाय कुणी विचारत नव्हतं. बाहेर रांग, आत रांग, आणि प्रत्येकाच्या हातात वंशावळ. माझ्या हातातही वंशावळ बघून भाऊसाहेब म्हणाले, "दाखल्यासाठी ना?"

"नाही. खाणावळीसाठी."

"लायसन पायजे?"

"आता नको, तेव्हाचं हवंय. खापरपणजोबांचं."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आरक्षण नाही, जमिनीची वाटणी नाही, कोर्टाची तारीख नाही. मग शोधताय कशाला ओ?" रांगेतले लोकही वळून बघू लागले. काहीतरी मिळवायचं असल्याशिवाय कुणी खापरपणजोबांची आठवण काढतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मागचा एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाला, "असंल त्यांचं काहीतरी. सांगत नसतील." तेव्हापासून मी कुठल्याही कचेरीत 'जमिनीचं प्रकरण आहे' असंच सांगतो. लगेच खुर्ची मिळते.

कागद मिळाले ते मोडी लिपीत. मोडीत लेखणी उचलायची नाही, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही. लिहिणाऱ्याची फार सोय. वाचणाऱ्याची सोय बघायला मात्र तेव्हा कुणी नेमला नसावा. त्यात मोडी वाचणारे त्या दिवसांत नवरदेवाच्या मामासारखे मिरवत होते, त्यांच्या पुढ्यात चहा कधी रिकामा होत नव्हता. एका मोडीवाचक काकांनी मेहेरबानी केली. कसल्याशा घरपाहणीचा कागद होता, आणि खापरपणजोबांच्या नावापुढे पहिलं अक्षर वाळवीनं खाल्लेलं. उरलं होतं '-ली दोन'. काकांनी भिंग लावून निकाल दिला, "मुली दोन."

घरात आनंदीआनंद. आजवर कुणालाच माहीत नसलेल्या दोन मुली वंशवृक्षात आल्या. आत्यानं त्यांना आठवडाभरात ओळखलंसुद्धा. एक बार्शीला दिली होती, दुसरी करमाळ्याला, आणि करमाळ्याच्या घरचे लोक जरा खाष्ट होते. पुढे मी तो कागद आणखी एका जाणकाराला दाखवला. त्यांनी वरखालचा मजकूर वाचला. भिंती कच्च्या, छप्पर पत्र्याचं, धुराडं नाही. मग म्हणाले, "अहो, मुली कुठल्या? चुली दोन!" मी वंशवृक्षातून दोन चुली काढून टाकल्या. करमाळ्याची काढायला आत्या अजून तयार नाही.

पुण्याच्या पुराभिलेखागाराबद्दलही मोठी आशा होती. तिथं कोट्यवधी मोडी कागद आहेत, पेशव्यांच्या रोजकीर्दी आहेत, सरकारी खजिन्यातून कशावर काय खर्च झाला ते रोजच्या रोज लिहिलेलं आहे. राजाच्या ताटाचा हिशेब राहतो. रेल्वेतून उतरलेल्या माणसाच्या ताटाचा राहत नाही. तो जेवला, पैसे दिले, निघून गेला. सरकारनं खापरपणजोबांची दखल घेतली ती एकदाच, खरकटं पाणी रस्त्यावर सोडलं म्हणून आठ आणे दंड केला तेव्हा. ती पावती सापडली त्या दिवशी मी पेढे वाटले. सरळमार्गी माणसाचा वंशज होणं हे संशोधनाच्या दृष्टीनं किती नुकसानीचं आहे, ते कळायला लागलं होतं. त्यांनी आणखी थोडे गुन्हे करायला हवे होते.

सुदैवानं त्यांनी कर्ज काढलं होतं. कर्जदार कधी कागद ठेवत नाही, सावकार ठेवतो. सावकारांच्या घराण्यातले आजचे गृहस्थ निवृत्त मास्तर आहेत. माळ्यावरून लाल फडक्यातला बस्ता काढता काढता म्हणाले, "शंभर-सव्वाशे वर्षांचं व्याज होतंय तुमच्याकडे." मी घसा खाकरला. मग तेच हसले, "घाबरू नका. दामदुपटीचा नियम आहे. मुद्दलाहून जास्त व्याज घेता येत नाही."

बस्त्यात अख्खा दावा होता. सावकारानं पैशांसाठी लावलेला, सुवाच्य बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरातला, आणि त्यात खापरपणजोबांची तपशीलवार जबानी! मी अधाशासारखं वाचायला घेतलं. जबानीचा सारांश असा: मी शेतकरी आहे. माझा खाणावळीशी काही संबंध नाही.

झालं होतं ते असं. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले. त्यानंतर 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी सरकारनं कायदा केला. देणेकरी शेतकरी असेल तर कोर्ट कर्जाचा सगळा हिशेब पहिल्यापासून तपासणार, अवाजवी व्याज कापणार, हप्ते बांधून देणार, आणि पैशापायी त्याला तुरुंगात टाकता येणार नाही. त्यामुळे त्या मुलखातल्या पुष्कळ माणसांना कोर्टाच्या पायरीवर आपण हाडाचे शेतकरी असल्याचा साक्षात्कार व्हायचा. खापरपणजोबांना माळावर थोडी जमीन होती. तिच्यावर त्यांनी जबानीत ज्वारी पेरली, तूर पेरली, बैल जुंपले. स्टेशनासमोर जे लोक जेवतात ते कोण, असं वकिलानं विचारलं. उत्तर होतं, "येणारे-जाणारे पाहुणे."

मग सावकारानं साक्षीदार उभे केले, आणि त्यांच्यामुळे ती खाणावळ मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. रेल्वेतला एक हमाल सांगतो की हा पाहुण्यांकडून पैसे घेतो, आणि जेवणाआधी घेतो. बार्शीचा कापसाचा दलाल सांगतो की भाकरी चांगली, आमटी पातळ, आणि गाडीची शिट्टी झाली की वाढप थांबवतात पण पैसे परत देत नाहीत. तिसरा म्हणतो, प्रतिवादी गल्ल्यावर बसतो, रांधते बायको, आणि प्रतिवादीला आपण कधी शेतात पाहिलेलं नाही. माझ्या घरच्यांनी तीन पिढ्यांत जेवढी माहिती दिली नाही, तेवढी या शत्रुपक्षानं शपथेवर दिली.

कोर्टानं निकाल दिला की प्रतिवादीचं पोट मुख्यत्वे शेतीवर चालत नाही, तो खाणावळवाला आहे, सबब सवलत नाही. मी ते वाक्य मास्तरांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही दोघांनी टाळी दिली. दावा त्यांचे पणजोबा जिंकले होते, पण खूश मी जास्त होतो.

बस्त्याच्या तळाशी जप्तीची यादी निघाली. पितळी पातेली, काठवट, पाट, तांब्ये, पराती, एकेक वस्तू नगासकट मांडलेली. ही सगळी भांडी जिच्या हाताखालची, तिचं नाव मला तोवर एकाही कागदात सापडलं नव्हतं. दंडाच्या पावतीत ती नाही, घरपाहणीत नाही, जबानीत तर 'पाहुणे' आपोआप जेवत होते. इथंही नाव नाहीच. पण यादीत शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं आहे: 'पाटा-वरवंटा, नग एक. प्रतिवादीची बायको त्यावर बसली असून उठत नाही.'

तिची समजूत घालण्यात पंचांचा किती वेळ गेला ते लिहिलेलं नाही. पुढच्या ओळीत एवढंच आहे: 'सबब सदरहू नग यादीतून कमी केला.' त्याखाली पंचांच्या सह्या.